घरातल्या घरात मोठ्या कुत्र्याला खाऊ देऊन ट्रिक्स शिकवणे

ओलं_नाक

बाहेर नेता येत नाही अशा दिवशी मोठ्या जातीचा कुत्रा घर डोक्यावर घेतो. त्याला पळवायला जागा नसली तरी डोकं चालवायला लावलं की तो छान दमतो. म्हणून हा धागा. ३० किलो आणि त्यापुढच्या कुत्र्यांना दिवाणखान्यात काय शिकवता येतं, कसं शिकवायचं, काय टाळायचं, हे जाणकारांनी सविस्तर लिहावं. "प्रेमाने शिकवा" एवढ्यावर थांबू नका, पायऱ्या लिहा.

सुरुवात मी जागेपासून करते, कारण मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत कुत्र्याची जेवढी लांबी, त्याच्या दुप्पट व्यासाचा गोल मोकळा हवा. टीपॉय बाजूला करा. आनंदाने हलणाऱ्या शेपटीच्या उंचीवर कप, काच, दिवा काहीही नको.

त्यानंतर फरशी. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकतात, आणि एकदा घसरलेला कुत्रा ती ट्रिक त्या जागी करायला तयार होत नाही. आपण म्हणतो हट्टी आहे, पण तो घाबरलेला असतो. खालून रबर असलेली मॅट घाला. साधी चटई नको, ती कुत्र्यासकट सरकते. चालताना नखांचा टकटक आवाज येत असेल तर आधी नखं कापा, आणि पंजाच्या गाद्यांमधले वाढलेले केसही.

शेवटचं जेवणाबद्दल. खोल छातीच्या मोठ्या जातींना (ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, सेंट बर्नार्ड, डोबरमन) पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका असतो. पोटभर जेवणानंतर निदान दोन तास गिरक्या, लोळणं, उड्या यातलं काही नको. पोट टम्म दिसतंय, ओकारी काढतोय पण काही बाहेर येत नाही, अस्वस्थ फेऱ्या मारतोय, असं दिसलं तर त्या क्षणी डॉक्टरांकडे न्या. यात तास-दोन तासही महत्त्वाचे असतात.

पंजा

खाऊचं गणित मी लिहितो. वरखाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत हवा. नसबंदी झालेल्या, ३० किलोच्या, मध्यम हालचाल असलेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण १४०० कॅलरी लागतात. म्हणजे खाऊसाठी १४०. कोरड्या खाद्यात ग्रॅममागे साडेतीनच्या आसपास कॅलरी असतात (पाकिटावर बघा), म्हणजे ४० ग्रॅम. बिनमिठाचं, कातडी-हाडं काढलेलं उकडलेलं चिकन १०० ग्रॅमला सुमारे १६५ कॅलरी, म्हणजे ८५ ग्रॅम.

आता तुकड्याचा आकार. कुत्रा मोठा म्हणून तुकडा मोठा, ही समजूत सोडा. १ सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा साधारण १ ग्रॅमचा होतो. अर्ध्या सेंटिमीटरचा केला तर त्याचा आठवा हिस्सा. कुत्र्याला तुकडे किती वेळा मिळाले याचं अप्रूप असतं, आकाराचं फारसं नसतं. शिवाय मोठा तुकडा चावावा लागतो, चुरा जमिनीवर सांडतो, मग तो पाऊण मिनिट फरशी हुंगत बसतो आणि आपण काय शिकवत होतो ते दोघंही विसरतात. मऊ, न चावता गिळता येईल असा, मटारच्या दाण्याएवढा तुकडा पुरे.

सोपी पद्धत अशी: सकाळच्या जेवणातलं मूठभर कोरडं खाद्य बाजूला काढा, त्यात चिकनचे थोडे तुकडे टाका, डबा बंद करून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. खाद्याला वास लागतो. येत असलेल्या ट्रिकला ते कोरडे दाणे, नवीन किंवा अवघड पायरीला चिकन. सगळ्यालाच चिकन दिलं तर अवघड पायरीसाठी हातात काही उरत नाही.

चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे-मनुका, कांदा, लसूण, मॅकाडेमिया, शिजवलेली हाडं हे अजिबात नको. पीनट बटर वापरणार असाल तर लेबलवर झायलिटॉल नाही ना, ते वाचा. तो गोडवा कुत्र्यासाठी विष आहे.

शेपूटवाली

छान धागा. ट्रिक कोणतीही असो, शिकवण्याचा कणा एकच असतो, तो आधी मांडते.

एक खूणशब्द ठरवा. "येस" चालेल, क्लिकर (दाबल्यावर टक् असा आवाज करणारी छोटी डबी) असेल तर उत्तम. हव्या त्या हालचालीच्या क्षणी शब्द, आणि त्यानंतर लगेच खाऊ. क्रम पाळायचा: आधी शब्द, मग हात हलतो, मग खाऊ. बहुतेकांचा हात शब्दाच्या आधीच खाऊच्या पिशवीत गेलेला असतो. मग कुत्रा तुमचा शब्द ऐकत नाही, हातावर नजर ठेवून बसतो. हात पोटाशी स्थिर धरायची सवय करा, फरक लगेच दिसतो.

खाऊ नाकाशी धरून कुत्र्याला वळवायचं ते फक्त पहिल्या ३-४ वेळा. पुढच्या वेळी हात रिकामा, हालचाल तीच, आणि खाऊ पिशवीतून किंवा दुसऱ्या हातातून. ही पायरी लांबवली की "हातात दिसलं तरच करतो" अशी तक्रार ठरलेली.

तोंडी हुकूम सगळ्यात शेवटी. रिकाम्या हाताच्या खुणेवर ५ पैकी ४ वेळा बरोबर जमलं की मग शब्द म्हणा, क्षणभर थांबा, मग खूण करा. शब्द आणि खूण एकदम केली तर कुत्रा खूणच बघतो, शब्द त्याच्या कानावरून जातो. ५ पैकी २ पेक्षा कमी जमत असेल तर पायरी मोठी झाली आहे, एक पाऊल मागे या.

एका वेळेला १०-१५ तुकडे मोजून घ्या. तुकडे संपले की सत्र संपलं. तीन ते पाच मिनिटं होतात, तेवढी भरपूर आहेत.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: खाऊ कुठे देता, त्यावर अर्धी ट्रिक ठरते. डोकं वर गेलं की बूड खाली बसतं. डोकं डावीकडे गेलं की बूड उजवीकडे सरकतं. डोकं पुढच्या पायांच्या मधे खाली गेलं की वजन मागे जातं. लहान कुत्र्यात हे चटकन लक्षात येत नाही. मोठ्या, लांब शरीरात चारेक इंचांचा फरकही ट्रिक बिघडवतो. ट्रिक बिघडली की आधी आपला हात कुठे होता ते बघा.

चिंगी१२

खाऊ घेताना बोटंच तोंडात घेतो, त्यावर काय करावं? मोठा जबडा आहे, घरात लहान मूल पण आहे.

पंजा

@चिंगी१२, तुकडा बंद मुठीत धरा. दात लागले तर मूठ तशीच बंद, ओरडायचं नाही, हात मागे ओढायचा नाही (ओढला की तो झडप घालायला शिकतो). जीभ किंवा ओठ लागले की "येस" आणि मूठ उघडून सपाट तळहातावर खाऊ. हे वेगळं सत्र म्हणून करा, ट्रिकच्या मधेच नको. तोपर्यंत ट्रिकचा खाऊ हातातून न देता जमिनीवर ठेवा. मुलाच्या हातून द्यायचा तर लांब दांड्याच्या लाकडी चमच्यावर ठेवून, आणि मोठं माणूस शेजारी हवंच. बहुतेक वेळा भूक किंवा उतावळेपणा हे कारण असतं, त्यामुळे रिकाम्या पोटी सुरू करू नका, थोडं खाल्लेलं असू द्या.

तुरतुरे

आता प्रत्यक्ष ट्रिक्स. मोठ्या कुत्र्याला घरात शोभतील आणि झेपतील अशा.

नाक टेक. पहिली हीच घ्या, पुढच्या बऱ्याच ट्रिक्स हिच्यावर उभ्या राहतात. तळहात नाकापासून चार बोटं अंतरावर, बाजूला धरा. कुतूहलाने हुंगायला नाक लागलं की "येस", खाऊ दुसऱ्या हाताने. तळहात नाकावर नेऊन टेकवू नका, त्यानेच यायला हवं. जमलं की हात उजवीकडे, डावीकडे, खाली, दोन पावलं लांब. नंतर तळहातावर चिकटचिठ्ठी लावा, मग तीच चिठ्ठी कपाटाच्या उघड्या दारावर. नाकाने दार ढकलून बंद करणं इथून तयार होतं. दार हलकं हवं, आणि सुरुवातीला फटीत घडी केलेला टॉवेल ठेवा, म्हणजे धाडकन आवाज होऊन तो बिचकणार नाही.

गिरकी. खाऊ नाकाच्या उंचीवर धरून मोठा गोल काढा. हात वर गेला तर तो बसेल किंवा उडी मारेल. गोल लहान काढला तर मान वळते आणि पाय जागेवर राहतात. शेपटीच्या दिशेने हात नेताना आपणही अर्धं पाऊल सरका, मोठ्या कुत्र्याच्या शेपटीपर्यंत नुसता हात पुरत नाही. आधी पाव गोलाला "येस", मग अर्ध्याला, मग पूर्ण. दोन्ही बाजूंना शिकवा, दोन वेगळे शब्द ठेवा, आणि एका वेळेला सलग दोन-तीनच. प्रत्येक कुत्र्याची एक आवडती बाजू असते, नावडत्या बाजूने सुरुवात करा.

मागे मागे. सोफा आणि खुर्च्यांची रांग यांच्यामधे कुत्र्याच्या रुंदीपेक्षा वीतभर जास्त अशी गल्ली करा. कुत्रा गल्लीत, तोंड तुमच्याकडे. त्याच्या पुढच्या पायांच्या मधून थोडा मागे एक दाणा टाका. तो घ्यायला मान खाली घालतो आणि एक मागचा पाय मागे टाकतो. तेवढ्याच एका पावलाला "येस". आणि पुढचा दाणा पुन्हा पायांच्या मधे, पुढे येऊन तुमच्या हातातून नाही. हातातून दिला की तो मागे एक पाऊल जाऊन लगेच पुढे धावतो. तिरका जात असेल तर तुमचा खाऊचा हात एका बाजूला आहे. बसत असेल तर हात उंच आहे. अंगावर चालून जाऊन मागे ढकलू नका, त्याने कुत्रा मागे जातो खरा, पण दबकून, आणि खुर्च्या काढल्या की ट्रिक नाहीशी होते. पाच पावलं सरळ जमली की आधी एक खुर्ची काढा, मग दुसरी.

पुढचे पाय पाटावर. १०-१५ सेंटिमीटर उंच, दोन्ही पंजे ऐसपैस मावतील असा, न डगमगणारा, वर घसरू नये असं कापड किंवा रबर लावलेला पाट. दोन्ही पंजे वर आले की खाऊ, आणि खाऊ पाटाच्या वरच द्यायचा. मग तुम्ही पाटाभोवती एक पाऊल सरका. तो तुमच्याकडे तोंड ठेवण्यासाठी बूड सरकवतो, तिथे "येस". हळूहळू पुढचे पाय जागेवर आणि मागचे पाय गोल फिरतात. मोठ्या कुत्र्यांना आपल्याला मागचे पाय आहेत याची जाणीवच कमी असते, त्यासाठी याहून चांगला व्यायाम घरात नाही.

मधे. तुम्ही पाय फाकून उभे, कुत्रा मागून येऊन पायांमधे थांबतो. त्याच्याकडे पाठ करा, पायांमधून मागे खाऊ दाखवा, तो आला की खाऊ गुडघ्यांच्या रेषेत द्या. पुढे दिला तर तो आरपार निघून जातो. कुत्र्याची पाठ आपल्या मांड्यांच्या वर येत असेल (डेनच्या बाबतीत येतेच) तर हिचा नाद सोडा, आपणच पडायचो. त्याऐवजी आपल्याभोवती पूर्ण फेरी मारायला शिकवा: खाऊ उजव्या हातात, पाठीमागे डाव्या हातात बदला, पुढे आणा.

भटकंती

लोळण शिकवण्यात सगळ्यांना रस असतो, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही. कुत्रा आडवा पडला की खाऊ नाकापासून खांद्याकडे आणि मग पाठीवरून पलीकडे न्यायचा, एवढंच तर आहे.

शेपूटवाली

@भटकंती, एवढंच नाही, म्हणून लिहिते. ४० किलोचा कुत्रा कडक फरशीवर पाठीच्या कण्यावरून उलटतो तेव्हा तो सगळा भार मणक्यांवर आणि कोपरांवर येतो. खाली दोन-तीन इंच जाड, पण न दबणारी गादी हवी. फार मऊ गादीत तो रुततो आणि अर्ध्यावर अडकतो. कंबरेच्या सांध्याचा त्रास, पाठदुखी, उतारवय, गाभण मादी, नुकतंच जेवण, यातलं काहीही असेल तर लोळण नकोच.

पायऱ्या अशा. कुत्रा एका कुल्ल्यावर रेलून बसलेला हवा, दोन्ही मागचे पाय समान दुमडलेले असतील तर तो वळणार नाही. जो कुल्ला खाली टेकलाय, त्याच बाजूला लोळवायचं, त्यामुळे खाऊ विरुद्ध बाजूच्या खांद्याकडे न्या. हात अंगाला चिकटून जाऊ दे. हात लांब गेला की तो उठून उभा राहतो, नव्वद टक्के वेळा हीच चूक. मान वळून खांदा जमिनीला टेकला की "येस". इथे काही दिवस थांबा.

खरं सांगायचं तर मी बहुतेक मोठ्या कुत्र्यांना इथेच थांबवते. कुशीवर सपाट पडून डोकंही खाली टेकवणं ही स्वतंत्र ट्रिक आहे. खाऊ डोक्याच्या पातळीला, जमिनीवर, हळू आवाजात, दोन तुकड्यांमधलं अंतर एक सेकंदावरून दहा सेकंदांपर्यंत वाढवत न्यायचं. डॉक्टरांकडे तपासणीच्या वेळी, नखं कापताना ती रोज उपयोगी पडते. पूर्ण लोळणीने बघणाऱ्यांना मजा येते, कुत्र्याला त्यात फारसं काही मिळत नाही.

भटकंती

हे पटलं. पण धट्टाकट्टा, तरुण, सांधे तपासलेला कुत्रा स्वतःच गवतात पाठीवर लोळतो, त्याला गादीवर दोनदा लोळायला हरकत नसावी असं माझं मत कायम आहे.

शेपूटवाली

तपासलेला असेल आणि दोनदाच असेल तर हरकत नाही. स्वतः लोळताना तो वेग आणि बाजू स्वतः ठरवतो, खाऊच्या मागे लोळताना आपण ठरवतो, एवढं लक्षात ठेवा.

ओलं_नाक

यालाच जोडून वयाचं. मोठ्या जातींची हाडं साधारण दीड वर्षापर्यंत वाढत असतात, डेन-सेंट बर्नार्डसारख्या फार मोठ्या जातींची दोन वर्षांपर्यंत. तोपर्यंत सोफ्यावरून उड्या, दोन पायांवर चालणं, पुढचे पाय उचलून बुडावर ताठ बसणं हे टाळा. नाक टेकणं, हुंगून शोधणं, हनुवटी टेकणं आठ आठवड्यांच्या पिल्लालाही चालतं.

तुरतुरे

आता माझी आवडती: खेळणी उचलून टोपलीत टाकणे. ही उलट्या टोकाकडून शिकवायची, म्हणजे शेवटची कृती पहिल्यांदा. कुत्रा खेळणं तोंडात धरायला तयार असला पाहिजे. हलकं, कापडी, तोंडात सहज मावणारं घ्या. फार लहान नको, मोठा कुत्रा गिळतो. आवाज करणारं पण नको, तो चावतच बसतो.

रुंद तोंडाची, बुटकी टोपली तुमच्या पायांच्या मधे ठेवा. खेळणं त्याच्या तोंडात द्या आणि खाऊ टोपलीच्या बरोब्बर वर, आत खोल धरा. खाऊ घ्यायला तोंड उघडतं, खेळणं पडतं. आत पडलं तर "येस". काठावर आपटून बाहेर पडलं तर काहीही न बोलता पुन्हा. इथे नीट बघा: काही वेळाने खेळणं सोडायच्या आधी तो एक क्षण थांबतो, डोळे टोपलीकडे जातात, मान जराशी पुढे येते. टोपली कशासाठी आहे ते त्याला कळल्याचा हा क्षण. यानंतर खाऊ टोपलीवर धरणं बंद करा आणि आत पडल्यावरच पिशवीतून द्या.

मग खेळणं टोपलीच्या शेजारी जमिनीवर, मग एक पाऊल लांब, मग खोलीच्या मध्यावर. अंतर एका वेळी एकच पाऊल वाढवा. दोन खेळणी ठेवायची ती एक पक्कं झाल्यावरच.

इथे सगळ्यात जास्त बिघडतं ते म्हणजे टोपलीपासून दोन फुटांवर खेळणं टाकून तो तुमच्याकडे धावत येतो. कारण खाऊ तुमच्याजवळ आहे. खाऊ टोपलीच्या आत टाकायला लागा, पाय आपोआप टोपलीकडे वळतात.

चिंगी१२

मुठीचा उपाय लागू पडतोय, धन्यवाद. अजून एक शंका: दोन ट्रिक्स झाल्या की भुंकायला लागतो, अंगावर पाय टाकतो. ३६ किलोचे पंजे छातीवर येतात.

पंजा

भुंकणं म्हणजे बहुतेक वेळा खाऊ उशिरा येतोय किंवा पायरी अवघड झाली आहे. पायरी सोपी करा आणि मिनिटाला ८-१० तुकडे जातील एवढा वेग ठेवा. पंजे वर येत असतील तर खाऊ छातीच्या उंचीवर धरणं बंद, सगळा खाऊ जमिनीवर. वर बघण्यात काही मिळत नाही हे कळलं की पंजे खाली राहतात. तरीही आले तर गुडघा मारू नका, ढकलू नका (तो खेळ वाटतो), बाजूला वळा, चारही पाय जमिनीवर आल्या क्षणी "येस" आणि खाऊ खाली.

आणि उलट चिन्हंही ओळखा. झोप नसताना जांभई, सारखे ओठ चाटणं, तोंड फिरवणं, कारण नसताना फरशी हुंगणं म्हणजे त्याला आता नको आहे. अशा वेळी एक येणारी सोपी गोष्ट करून घ्या, खाऊ द्या, थांबा.

भटकंती

उत्तेजित कुत्र्यासाठी सत्राच्या शेवटी हुंगायचं काम द्या. केक भाजायच्या वाट्यांच्या ट्रेमधे प्रत्येक वाटीत एक दाणा, वर टेनिसचे चेंडू. तो नाकाने चेंडू बाजूला करून खातो. (चेंडू कुरतडणारा कुत्रा असेल तर चेंडूऐवजी कापडाचे गोळे, आणि संपलं की ट्रे लगेच उचला.) पुढच्या वेळी निम्म्याच वाट्यांमधे दाणे. नंतर जुन्या टॉवेलवर दाणे पसरून गुंडाळी. हुंगताना कुत्रा शांत होतो, भुंकायला तोंडच मोकळं नसतं.

शेपूटवाली

+१. आणि @चिंगी१२, ट्रिक्सच्या आधी हनुवटी टेक शिकवा, तुमच्या कुत्र्याला तिचा सगळ्यात जास्त उपयोग होईल. तुम्ही खाली किंवा बुटक्या स्टुलावर बसा. तळहात वर करून हनुवटीच्या खाली धरा, खाऊ दुसऱ्या हाताने तळहाताच्या पलीकडे दाखवा. घ्यायला मान पुढे येते, हनुवटी हातावर टेकते, तिथे "येस". हात वर उचलून टेकवू नका, वजन त्यानेच टाकायला हवं. ते वजन हाताला स्पष्ट जाणवतं: आधी नुसता केसांचा स्पर्श, मग जबडा, मग अख्खं डोकं. अख्खं डोकं टाकलं की तुकडे एकेक करून हातावरच द्या, डोकं उचललं की देणं बंद. तीन सेकंद जमले की पाच, मग आठ. प्रत्येक दोन उड्यामाऱ्या ट्रिक्सच्या मधे एकदा ही घाला.

चिंगी१२

आज संध्याकाळपासून सुरू करते. हात दुखला तर मांडीवर टेकवलं तर चालेल का?

शेपूटवाली

चालेल, उलट मोठ्या डोक्यासाठी मांडीच बरी. फक्त मांडीवर आधी घडी घातलेला टॉवेल ठेवा. नंतर तोच टॉवेल खुर्चीवर ठेवला की हनुवटी खुर्चीवर टेकते, वेगळं शिकवावं लागत नाही.